याद्या कशा करायच्या: सामानाच्या, कामाच्या, रोजच्या (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

यादी करायला कुणी शिकवत नाही, त्यामुळे जो तो आपापल्या पद्धतीने करतो आणि ती चालली नाही की "मला याद्या जमत नाहीत" म्हणून सोडून देतो. न जमण्यासारखं त्यात खरंच काही नाही. बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. यादी आपण लिहितो तेव्हा बसलेले असतो, डोक्यात सगळं ताजं असतं, आणि वाचतो तेव्हा दमलेले असतो, हातात पिशवी असते, मागे रांग असते नाहीतर फोन वाजत असतो. त्या वाचणाऱ्या माणसाचा विचार करून लिहिलं की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. खालची बरीचशी उत्तरं याच गोष्टीपाशी येऊन थांबतात, ते आधीच सांगून ठेवते.

मला सगळं लक्षात राहतं, मग यादी कशाला?

राहतही असेल. पण बाथरूमचा बल्ब गेलाय हे माहीत असणं वेगळं आणि बल्ब मिळतो त्या दुकानासमोरून जाताना ते नेमकं तेव्हाच आठवणं वेगळं. आपण चुकतो ते या दुसऱ्यात. घरी येऊन बटण दाबलं की लगेच "अरे हो" होतं, म्हणजे माहिती डोक्यात होतीच, फक्त वेळेवर वर आली नाही. यादी ही माहिती साठवायला नसते, ती वेळेवर समोर आणायला असते.

आणि एका वेळी डोक्यात मावतं तरी किती. १९५६ साली जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञांनी सात, फार तर दोन कमी किंवा दोन जास्त, असा आकडा मांडला होता आणि तो खूप गाजला. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तोवरचे प्रयोग परत तपासले आणि तो चारच्या आसपास आणला. म्हणजे चार वस्तू आणायच्या असतील तर यादीशिवाय जा, पण दहा वस्तू डोक्यात घेऊन निघालात आणि रस्त्यात कुणी भेटलं की त्यातल्या काही गेल्याच समजा.

यादी करायची सवय लागली की स्मरणशक्ती कमी होते का?

जी गोष्ट कागदावर टाकली ती कागदाशिवाय थोडी कमी आठवते, हे खरं आहे, कारण मेंदूला ती धरून ठेवायची गरजच वाटत नाही. पण तेवढ्याने स्मरणशक्ती खराब होत नाही. साबण आणायचाय हे आठवणीत ठेवून कुणाची बुद्धी तल्लख झालेली मी तरी पाहिली नाही. ती जागा दुसऱ्या कशासाठी मोकळी राहिली तर चांगलंच की.

सामानाची यादी नेमकी कधी लिहायची?

दुकानात निघताना लिहायची नाही. त्या वेळी आपण घरभर फिरून डबे उघडून बघतो, घाईत दोन उघडायचे राहतात, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टी संपलेल्या असतात.

यादी रोज थोडी थोडी लिहावी, आणि वस्तू संपल्यावर न लिहिता शेवटचं पाकीट उघडलं की लिहावी. टूथपेस्टची शेवटची ट्यूब उघडली की तोंड धुवायच्या आधी यादीत टूथपेस्ट. कारखान्यात सुट्या भागांसाठी दोन डब्यांची पद्धत असते ती अगदी हीच आहे. एका डब्यातलं वापरायचं, तो रिकामा झाला की तो रिकामा डबाच नव्या मालाची मागणी ठरतो, आणि नवीन माल येईपर्यंत दुसऱ्या डब्यावर काम चालतं. कुणाला मुद्दाम आठवण ठेवावी लागत नाही. घरात सगळ्याच वस्तूंचे दोन ठेवायची गरज नाही, पण ज्यांच्यावाचून लगेच अडतं त्यांचा एक जास्तीचा ठेवावा. मीठ, औषधं, टॉयलेट पेपर, बॅटरीचे सेल वगैरे.

त्यासाठी कागद आणि पेन दिसेल अशा जागी, एकत्र, पेन दोऱ्याने बांधून असलं पाहिजे. पेन शोधायला दुसऱ्या खोलीत जावं लागलं की ती वस्तू लिहिली जात नाही. मी घरात यावर किती वेळा बोलले असेन त्याला गणती नाही, शेवटी दोरा बांधला तेव्हा प्रश्न मिटला.

वस्तू कोणत्या क्रमाने लिहायच्या?

सुचतील तशा लिहा, पण निघताना दोन मिनिटं काढून त्यांचे गट करा, म्हणजे तुम्ही ज्या दुकानात जाता तिथे ज्या क्रमाने कप्पे येतात त्या क्रमाने. सुचलेल्या क्रमाने लिहिलेली यादी घेऊन मोठ्या दुकानात गेलं की आपण एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चार वेळा फिरतो, आणि प्रत्येक फेरीत नको असलेल्या वस्तूंसमोरून जातो ते वेगळंच. नेहमीचं दुकान असेल तर एकदाच बसून कप्प्यांचा क्रम लिहून काढा, तो सारखा बदलत नाही.

जड सामान आधी म्हणजे तळाशी जातं, नाजूक वस्तू नंतर, आणि थंडगार किंवा गोठवलेलं सगळ्यात शेवटी, नाहीतर घरी पोचेपर्यंत पाणी झालेलं असतं.

दुसऱ्या कुणाला यादी देऊन पाठवायचं असेल तर किती तपशील लिहावा?

भरपूर! दुसऱ्याच्या हातात यादी दिली की "हेही कळू नये का" असं म्हणायचा हक्क आपल्याला राहत नाही. आपल्याला "साबण" म्हणजे कपड्यांचा वडी साबण हे माहीत असतं, समोरचा अंगाचा घेऊन येतो आणि मग घरात वाद. चूक आणणाऱ्याची नसते, लिहिणाऱ्याचीच असते. वस्तू, किती हवी, कुठल्या कंपनीची, केवढ्या आकाराची, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती नसेल तर काय करायचं. "नसेल तर दुसरी कुठलीही चालेल" की "नसेल तर आणू नकोस" एवढं एक वाक्य पुढे लिहिलं की दुकानातून येणारे निम्मे फोन बंद होतात. बल्ब, सेल, फिल्टर असल्या गोष्टींचा तर जुन्या वस्तूचा फोटोच पाठवावा.

यावर मला फार आवडतं असं एक उदाहरण आहे. मायकेलअँजेलो, तोच मोठा शिल्पकार, त्याने १५१८ च्या एका पत्राच्या मागच्या बाजूला जेवणासाठी आणायच्या पदार्थांची यादी केलीय आणि प्रत्येक शब्दाशेजारी त्या वस्तूचं चित्र काढलंय, पावाचं, माशाचं, भांड्याचं. आणायला जाणाऱ्या नोकराला वाचता येत नसावं असा अंदाज आहे. तो कागद फ्लोरेन्समधल्या कासा बुओनारोती या संग्रहालयात जपून ठेवलाय. एवढा मोठा कलाकार, पण यादी कुणाच्या हातात जाणार आहे याचा विचार करून त्याने ती लिहिली, हे मला त्या चित्रांपेक्षाही मोठं वाटतं.

घरात तिघं-चौघं जण यादीत लिहितात, मग एकच वस्तू दोघं आणतात. काय करावं?

यादी एकच ठेवा आणि ती मोबाईलवर शेअर केलेली असू द्या, म्हणजे एकाने उचललं की दुसऱ्याला तिथेच खोडलेलं दिसतं. पण खरा उपाय अ‍ॅप नाहीये. "या आठवड्याचं सामान कोण आणणार" हे बोलून ठरवलं पाहिजे. यादी सगळ्यांची पण आणणारा एक, असं असलं की गोंधळ होत नाही. आणि लिहायचं काम एकाच माणसावर टाकू नका. बऱ्याच घरांत काय संपलंय, काय संपत आलंय, कुणाला काय लागेल याचा हिशेब एकच व्यक्ती दिवसभर डोक्यात ठेवत असते आणि बाकीचे "मला यादी दे, मी आणतो" म्हणून मदत केल्याचं समाधान मिळवतात. आणणं हे सोपं काम आहे, लक्ष ठेवणं अवघड. ज्याने शेवटचं उघडलं त्याने लिहायचं, वय काहीही असो. ज्या लहान मुलांना अजून लिहिता येत नाही त्यांनी चित्र काढावं, वर सांगितलंच की कुणी काढलं होतं.

यादी घेऊन गेलं की खर्च कमी होतो का?

यादी ठरलेली असेल आणि तुम्ही ती पाळली तर होतो. पण नुसती खिशात असून उपयोग नाही. पैसे वाचतात ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे घरात आधीच असलेली वस्तू परत येत नाही, याकडे लोक लक्ष देत नाहीत पण कपाटात मागे गेलेल्या तीन तीन बाटल्या बघा कधीतरी. दुसरं म्हणजे दुकानात "घ्यायचं का" हा प्रश्न प्रत्येक वस्तूसमोर पडत नाही, कारण उत्तर घरी दिलेलं असतं.

यादीबाहेरचं काहीच घ्यायचं नाही असा कडक नियम मात्र मी करत नाही, तो मोडतो आणि एकदा मोडला की सगळाच मोडतो. त्यापेक्षा यादीच्या खाली दोन रिकाम्या ओळी ठेवा. यादीबाहेरचं जे घ्यावंसं वाटेल ते त्या दोन ओळींत बसलं पाहिजे, तिसरं आवडलं तर आधीच्या दोनातलं एक परत जागेवर ठेवायचं.

यादी घरीच राहिली तर?

निघण्याआधी फोटो काढायची सवय लावा. तेही राहिलं असेल तर घाबरू नका, हाताने लिहिलेली यादी बऱ्यापैकी आठवते. आधी एकूण किती वस्तू होत्या ते आठवा, मग मनातल्या मनात घरात फिरा, दारातून आत, स्वयंपाकघर, बाथरूम, कपडे वाळत घालायची जागा, आणि प्रत्येक ठिकाणी काय नव्हतं ते बघा. जागेला आठवण चिकटवायची ही युक्ती प्राचीन ग्रीक आणि रोमन वक्ते लांबच लांब भाषणं लक्षात ठेवायला वापरायचे. अजून एक, कुठल्याही यादीतलं पहिलं आणि शेवटचं जास्त आठवतं आणि मधलं गळतं, म्हणून आठवताना मधल्या वस्तूंवर जास्त वेळ द्या.

सामानाची आणि कामाची यादी एकत्र चालेल का?

नको. सामानाची यादी संपते, कामाची यादी संपत नाही, दोघींचा स्वभावच वेगळा. "सेल", "वीजबिल", "रिपोर्ट पाठवणे" असं एकाखाली एक लिहिलं की दुकानात रिपोर्ट दिसतो आणि ऑफिसात सेल दिसतात, दोन्ही ठिकाणी ते निरुपयोगी. जिथे वाचणार त्याप्रमाणे यादी वेगळी करा.

कामाची यादी रोज लांबतच जाते, संपतच नाही. मी कुठे चुकतोय?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही बहुतेक दोन वेगळ्या याद्या एकाच कागदावर ठेवताय. एक असते साठ्याची यादी, म्हणजे कधीतरी करायचं आहे असं सगळं, ती पन्नास ओळींची असली तरी हरकत नाही, ती संपवायची नसतेच. आणि दुसरी आजची यादी, ती संपवायची असते. साठ्याची यादीच सकाळी उघडून बसलं की संध्याकाळी सात कामं करूनही त्रेचाळीस राहिलेली दिसतात आणि दिवस वाया गेल्यासारखा वाटतो, जो गेलेला नसतो. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी किंवा सकाळी पहिल्यांदा साठ्यातून आजची कामं उचलून वेगळ्या छोट्या कागदावर लिहायची आणि मोठी यादी बंद करून ठेवायची, दिवसभर ती डोळ्यांसमोर नको.

किती उचलायची? अमेरिकेत १९१८ च्या सुमारास आयव्ही ली नावाच्या सल्लागाराने एका स्टील कंपनीच्या अधिकाऱ्यांना दिलेला सल्ला नेहमी सांगितला जातो. दिवस संपताना उद्याची सहा कामं महत्त्वाच्या क्रमाने लिहा, सकाळी पहिलं घ्या, ते होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका, उरलेली उद्याच्या सहात. माझ्या मते सहाही जास्त आहेत, निदान ज्यांच्या दिवसात इतर लोक सतत येत जात असतात त्यांच्यासाठी. मी तीन मोठी आणि दोन-तीन किरकोळ अशी लिहिते.

कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज आपण हमखास कमी लावतो, ही तुमची एकट्याची खोड नाही. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीला नावच दिलं, नियोजनाचा भ्रम म्हणता येईल. आपण काम सुरळीत पार पडेल असं चित्र डोळ्यांसमोर आणतो आणि तेवढाच वेळ धरतो, मागच्या वेळी याच कामाला खरोखर किती लागला होता ते विचारतच नाही. तर विचारा. आजच्या यादीत प्रत्येक कामापुढे अंदाजे वेळ लिहा आणि संध्याकाळी खरा लागलेला वेळ शेजारी लिहा, दोन आठवडे. नंतर तुम्हाला स्वतःचा आकडा कळतो, कुणाला दीडपट लागतो कुणाला दुप्पट, आणि मग यादी आपोआप लहान होते कारण बेरीज दिवसात मावत नाही हे समोर दिसतं.

दिवस पूर्ण भरूही नका. आठ तास काम असेल तर पाच तासांचंच लिहा, उरलेले तीन तास कुणाचे तरी फोन, अडलेली कामं, अचानक आलेलं काहीतरी यात जातातच. ते लिहिलेले नसतात म्हणून जात नाहीत असं होत नाही.

एकच काम महिनाभर पुढे ढकललं जातंय, रोज नव्या यादीत परत लिहितो. काय करू?

तीन वेळा पुढे गेलं की थांबायचं आणि स्वतःला विचारायचं की अडतंय कुठे.

बहुतेक वेळा ते एक काम नसतंच, दहा कामांचं गाठोडं असतं. माझ्या यादीत तीन आठवडे "बँक" असा एकच शब्द होता. रोज बघायचे आणि पुढच्या ओळीवर जायचे, कारण "बँक" हे कुणाला करता येतं? एका संध्याकाळी बसून लिहिलं की खात्यावरचा पत्ता बदलायचाय, त्यासाठी फॉर्म लागेल, फॉर्म वेबसाईटवर आहे का ते बघायचं. "वेबसाईटवर पत्ता बदलायचा फॉर्म शोधणे, १० मिनिटं". त्याच रात्री झालं आणि दोन दिवसांत सगळंच मार्गी लागलं. तीन आठवडे मला आळस आलाय असं वाटत होतं, खरं तर यादीत करण्यासारखं काही लिहिलेलंच नव्हतं.

दुसरं कारण म्हणजे चेंडू दुसऱ्याच्या कोर्टात असतो, तुम्ही कुणाच्या तरी उत्तराची वाट बघताय. अशी कामं "वाट बघतोय" या वेगळ्या मथळ्याखाली, कुणाची आणि कधीपासून ते लिहून ठेवा आणि आठवड्यातून एकदा त्या सगळ्यांना फोन करा.

तिसरं कारण म्हणजे ते तुम्हाला करायचंच नाहीये. मग खोडून टाका. मनापासून खोडलेलं काम हे वर्षभर ढकलत नेलेल्या कामापेक्षा खूप चांगलं.

काम लिहायचं कसं, काही पद्धत आहे का?

ओळीच्या शेवटी क्रियापद पाहिजे. "गाडी" असं न लिहिता "गाडीच्या सर्व्हिसिंगची वेळ फोन करून घेणे" असं लिहा. "प्रेझेंटेशन" च्या जागी "प्रेझेंटेशनच्या पहिल्या तीन स्लाईडचे मुद्दे कागदावर लिहिणे". लांब वाटतं, पण वाचल्यावर विचार करावा लागत नाही, लगेच हात घालता येतो.

जे काम निसटायला नको त्याला जागा किंवा वेळ बांधा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलंय, १९९९ मधला त्यांचा लेख प्रसिद्ध आहे. "व्यायाम करणार" असं ठरवणाऱ्यांपेक्षा "सकाळी दात घासून झाले की चपला घालून बाहेर पडणार" असं ठरवणाऱ्यांकडून ते जास्त वेळा होतं, कारण मग आठवण करून द्यायचं काम दात घासणंच करतं.

रात्री झोपताना सगळी राहिलेली कामं डोक्यात फिरतात. यादीचा काही उपयोग?

खूप, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा. १९२७ मध्ये ब्लूमा झायगार्निक या संशोधिकेने बर्लिनमध्ये केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की अर्धवट सुटलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवत राहतात. नंतरच्या प्रयोगांत ते दर वेळी तसंच आलं नाही, पण अर्धवट काम टोचत राहतं हा अनुभव तर आपला रोजचा आहे. मग २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की ती टोचणी थांबायला काम संपायची गरज नाही, ते कधी आणि कसं करणार हे नीट ठरवलं तरी डोकं शांत होतं.

आणि २०१८ मधला एक प्रयोग थेट झोपेवरच आहे, अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातला. ५७ तरुण मुलामुलींना झोपायच्या आधी पाच मिनिटं लिहायला सांगितलं, अर्ध्यांनी पुढच्या काही दिवसांत करायची कामं लिहिली आणि अर्ध्यांनी झालेली कामं. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी साधारण ९ मिनिटं लवकर झोप लागली, आणि त्यातही जितकं तपशिलात लिहिलं तितकी लवकर. ५७ म्हणजे फार मोठी संख्या नाही, पण करून बघायला पाच मिनिटंच लागतात. कागदावरच लिहा, फोन हातात घेतला की तो पाच मिनिटांवर थांबत नाही. रात्री मध्येच जाग येऊन काही आठवलं तर उशाशी पेन ठेवा, अंधारात दोन शब्द खरडले तरी पुरतात.

ज्यांची झोप बरेच दिवस उडालीय त्यांनी मात्र यादीवर न थांबता डॉक्टरांशी बोलावं.

कागद बरा की मोबाईल?

सामानाला मोबाईल, आजच्या कामाला कागद, साठ्याच्या यादीला कुठेही. कारण सामानाची यादी घराबाहेर वाचायची आणि बऱ्याचदा दोघांत वाटायची असते, मोबाईल सोबत असतोच. आजची यादी मात्र सतत नजरेसमोर पाहिजे आणि अ‍ॅपमधली यादी स्क्रीन बंद झाली की दिसेनाशी होते, शिवाय ती बघायला फोन उघडला की आधी मेसेज दिसतात. वेळेवर वाजणारी आठवण हवी असेल, उदाहरणार्थ औषधाची वेळ, तर तिथे कागदाचा काही उपयोग नाही, अलार्मच लावा.

अ‍ॅप बदलत बसू नका एवढंच सांगेन. नवीन अ‍ॅपमध्ये सगळी कामं भरणं हेच एक काम होऊन बसतं आणि काहीतरी केल्याचं समाधानही मिळतं, त्यामुळे ते लक्षात येत नाही.

कुठलं काम आधी, हे ठरवता येत नाही.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ च्या एका भाषणात, दुसऱ्या कुणाचं तरी वाक्य म्हणून, असं सांगितलं होतं की तातडीचे प्रश्न महत्त्वाचे नसतात आणि महत्त्वाचे कधी तातडीचे नसतात. त्यावरूनच पुढे तातडीचं आहे की नाही आणि महत्त्वाचं आहे की नाही अशा चार चौकोनांचा तक्ता निघाला. तक्ता रोज काढायची गरज नाही. आजच्या यादीत एक तरी काम असं असू दे ज्याबद्दल आज कुणीही फोन करून विचारणार नाही पण वर्षाने त्याचा फरक पडेल, आणि ते दिवसाच्या पहिल्या भागात करा. दुपारनंतर तातडीची कामं त्याला जागा देत नाहीत.

ऑफिसात यादी करून बसलो की साहेब मध्येच नवीन काम देतात. मग यादीचा उपयोग काय?

उलट तेव्हाच जास्त. यादी समोर ठेवून विचारता येतं, "सर, आज ही तीन करतोय, हे नवीन आधी घेऊ का, मग यातलं कुठलं उद्यावर टाकू?" नाही म्हणावं लागत नाही आणि निर्णय ज्याचा आहे त्याच्याकडे जातो. यादी नसेल तर आपण हो म्हणतो आणि रात्री उशिरापर्यंत बसतो. नवीन काम आलं की यादीत आडवी रेघ मारून तिच्याखाली लिहा, संध्याकाळी रेघेखालची कामं मोजली की दिवस कुठे गेला ते कळतं.

यादीत नसलेलं काम केलं तर ते लिहून मग टिक करणं चुकीचं आहे का?

अजिबात नाही, मी नेहमी करते. केलंय ना, मग लिहा. आजारी माणसाची सेवा, लहान मूल, ऑफिसातले सारखे येणारे फोन असलं ज्यांच्या वाट्याला असतं त्यांनी तर झालेल्या कामांची यादी आवर्जून ठेवावी, कारण त्यांचं बहुतेक काम आधी लिहून ठेवण्यासारखं नसतंच.

चेकलिस्ट म्हणजे वेगळं काही असतं का?

हो, आणि ही मला सगळ्यात जवळची. कामाची यादी आजची असते, उद्या फेकायची. चेकलिस्ट परत परत करायच्या त्याच कामाची असते, एकदा लिहायची आणि प्रत्येक वेळी वापरायची. प्रवासाची बॅग, घर बंद करून गावाला जाणं, महिन्याची बिलं, मुलांची परीक्षेच्या दिवसाची तयारी.

याची सुरुवात विमानांकडून सांगतात. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत ओहायओमधल्या राइट फील्डवर बोईंगचं एक नवीन मोठं बॉम्बर विमान, मॉडेल २९९, चाचणीसाठी उडालं आणि लगेच कोसळलं, दोन माणसं गेली. विमानात बिघाड नव्हता, जमिनीवर असताना वाऱ्यापासून जपायला शेपटाकडच्या भागांना लावलेलं कुलूप काढायचं राहिलं होतं. चालवणारे अतिशय अनुभवी होते. त्यानंतर वैमानिकांसाठी उड्डाणाआधी, उडताना, उतरताना वाचायच्या छोट्या याद्या आल्या. तसंच जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट आणली, पेशंट हाच ना, ऑपरेशन कुठल्या बाजूचं, अ‍ॅलर्जी आहे का, असं साधं साधं, मोठ्याने विचारायचं. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून बघितली, २००९ मध्ये निकाल आले, ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. सर्जनला पेशंटचं नाव विचारायचं माहीत नसतं का? असतं. रोजचं आणि सोपं असतं म्हणूनच ते निसटतं.

घरची चेकलिस्ट करताना सगळं लिहू नका, जे निसटतं तेवढंच लिहा. बॅगेत कपडे भरायचे हे कुणी विसरत नाही, चार्जर, चष्मा, औषधं आणि ओळखपत्र विसरतात. आणि ती जिथे लागते तिथेच ठेवा, घर बंद करायची चेकलिस्ट दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर, गॅस, नळ, खिडक्या, फ्रीजमधलं नासणारं, चावी. बॅगेची बॅगेच्याच आतल्या कप्प्यात. परत आल्यावर काय राहिलं होतं ते त्याच दिवशी तिच्यात वाढवा आणि जे कधीच लागलं नाही ते काढा.

यादी बघितली तरी टेन्शन येतं, उघडावीशीच वाटत नाही.

मग आज ती उघडू नका. कोरा कागद घ्या, एकच काम लिहा, दहा मिनिटांत होईल असं, ते करा आणि खोडा. मग वाटलं तर दुसरं लिहा. मोठी यादी एखाद्या मोकळ्या दिवशी सोबत कुणाला तरी घेऊन उघडा, दुसऱ्याला वाचून दाखवताना बरीच कामं आपणच खोडतो. वाईट दिवसांतून जात असाल तेव्हा यादीत जेवण, अंघोळ आणि एक फोन एवढंच असलं तरी ती पूर्ण यादी आहे.

जुन्या याद्या टाकून द्याव्यात का?

कामाच्या टाका. सामानाच्या सलग दोन महिने जमवा आणि मग एकदा सगळ्या समोर पसरून बसा. ज्या वस्तू प्रत्येक यादीत आहेत त्या वर, त्यांची एक कायमची छापील यादी करा, दुकानातल्या कप्प्यांच्या क्रमाने, शेजारी रिकामा चौकोन. तिच्या दहा-बारा प्रती काढून फ्रीजला लावा, मग लिहायचंही नाही, शेवटचं उघडलं की चौकोनात टिक. खाली पाच-सहा रिकाम्या ओळी ठेवा, बाकीच्या वस्तूंसाठी. पेन दोऱ्याने बांधायचं विसरू नका.